काउंटरवरची दोन मिनिटं

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. पितृपंधरवड्यात खरेदी करायची नाही, असं ताईने बजावलं होतं. पण ‘नुसतं बघायला काय हरकत आहे गं मावशी?’ म्हणून भाची मला ठाण्यातल्या एका मॉलमध्ये घेऊन गेली. तळमजल्यावर शिरल्यापासून पाऊण तासात तिची दोन्ही मनगटं आणि एक कोपर तीन वेगवेगळ्या वासांनी घमघमत होतं, ओठांवर ग्लॉसवर ग्लॉस चढला होता आणि तिसऱ्या काउंटरवरच्या मुलीने माझ्या उजव्या डोळ्याखाली बोटभर काहीतरी थोपटून आरसा पुढे केला होता. “बघा मॅडम, फरक!”

फरक होता, खोटं कशाला बोलू? उजवा डोळा डाव्यापेक्षा पाच वर्षांनी लहान दिसत होता. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तरी क्षणभर पर्सकडे हात गेला. मग आम्ही वरच्या मजल्यावर भेळ खाल्ली, पोटभर हसलो आणि हात धुताना आरशात पाहिलं, तर डोळ्याखाली पांढरट पापुद्रे सुटलेले.

परफ्यूम, लिप ग्लॉस आणि वय लपवणारं क्रीम यांचं प्रत्येकाचं आपलं एक घड्याळ असतं. पहिल्याचं सहा-आठ तासांचं, दुसऱ्याचं अर्ध्या तासाचं, तिसऱ्याचं बारा आठवड्यांचं. काउंटर मात्र तिघांनाही दोनच मिनिटं देतं, आणि बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असल्यामुळे ती पहिली दोन मिनिटं फार मन लावून सजवलेली असतात.

परफ्यूमचं गणित त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. वास येतो म्हणजे त्या वस्तूचे रेणू हवेत उडून खरोखर आपल्या नाकात पोचतात. जे उडत नाही त्याला वास नाही, म्हणून काचेला नाही आणि मिठाला नाही. परफ्यूम म्हणजे डझनावारी, कधी शंभरावर सुगंधी द्रव्यांचं अल्कोहोलमधलं मिश्रण, आणि त्यातलं प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगाने उडतं. फवारा मारला की आधी अल्कोहोल जातं. त्यामागून लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) असली मंडळी. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणुभार, म्हणजे रेणूचं वजन, जेमतेम १३६, त्यामुळे ते दहा-पंधरा मिनिटांत निरोप घेतं. मग गुलाब, मोगरा, लव्हेंडर तास-दोन तास रेंगाळतात. सगळ्यात शेवटी उरतात चंदन, वाळा आणि कस्तुरीची नक्कल करणारी कृत्रिम द्रव्यं. चंदनातल्या सँटॅलॉलचा रेणुभार २२०. धंद्यात या तीन टप्प्यांना टॉप, मिडल आणि बेस नोट म्हणतात. नुसत्या वजनावर सगळं ठरत नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर माझेच विद्यार्थी मला पकडतील. व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन १५२चंच, पण त्याचे रेणू एकमेकांना धरून बसतात, म्हणून ते तळाला राहतं.

हे सगळं आपल्याला दिवाळीतून माहीत असतं. पहाटे उटणं कालवताना संत्र्याची साल आणि गुलाबपाकळी पुढे पुढे करतात. दुपारी टॉवेलला वास येतो तो नागरमोथ्याचा आणि वाळ्याचा.

आता काउंटरवरच्या दोन मिनिटांत नाकाला काय कळलं? फक्त टॉप नोट. म्हणजे जो वास दिवसभरात तुमच्याजवळ सगळ्यात कमी वेळ राहणार आहे, त्याच्यावर भाळून तुम्ही चार हजार रुपये मोजता. मी मोजले आहेत. एका दुकानात ताज्या लिंबासारखा वाटलेला सेंट घेतला, गाडीत बसले, आणि मुलुंड येईपर्यंत त्याचा जळका साखरपाक झाला होता. शिवाय दुकान थंडगार असतं आणि प्लॅटफॉर्म तापलेला. उष्णतेने सगळेच रेणू जास्त वेगाने उडतात, त्यामुळे मॉलमध्ये मंद वाटणारा वास मेमधल्या लोकलच्या डब्यात शेजारणीला डोकेदुखी होतो.

कागदाच्या पट्टीवर पहिली चाळणी करावी, नावडता वास कळायला ती पुरते. पण जो आवडला तो मनगटावर घेऊन दुकानातून बाहेर पडायचं. एका वेळी दोन, फार तर तीन. कोरड्या त्वचेवरून सुगंध लवकर जातो, तेलकट किंवा क्रीम लावलेल्या त्वचेवर जास्त टिकतो. म्हणूनच मैत्रिणीच्या अंगावर सुरेख वाटलेलं परफ्यूम आपल्याकडे येऊन फिकं पडू शकतं. मनगटावर मनगट घासू नका, असं सांगताना लोक ‘रेणू मोडतात’ असं कारण देतात. ते काही खरं नाही, चोळण्याने रेणू मोडत नसतात. घर्षणाच्या उष्णतेने वरचा टप्पा लवकर उडतो, एवढंच. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट फिरवतात, तिथे मात्र चोळून काही बिघडत नाही. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसतं, तर चंदनाच्या तेलात सुगंध मुरवलेला असतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये अजूनही तांब्याच्या देगेत फुलं उकळतात आणि ती वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, चंदनतेलावर सोडतात. म्हणजे तळाची नोट आधी आणि तिच्यावर फूल. परफ्यूम पळत येतं आणि अत्तर चालत, एवढाच काय तो फरक.

कनौजलाच मातीचंही अत्तर काढतात, पहिल्या पावसाचं. त्या वासाला ‘पेट्रिकॉर’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ साली दिलं. आपण तो त्याच्या फार आधीपासून बाटलीत भरत होतो.

ओ द टॉयलेट, ओ द परफ्यूम या नावांत फ्रेंच ऐट असली, तरी त्यांतून सांगायचं एवढंच असतं की सुगंधी अर्क किती. ‘ओ द टॉयलेट’मध्ये साधारण ५ ते १५ टक्के, ‘ओ द परफ्यूम’मध्ये १५ ते २०, कोलोनमध्ये त्याहून कमी. हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत, धंद्यातली पद्धत आहे. ‘सगळं नॅचरल आहे हं मॅडम’ हे ऐकलं की मला हसू येतं. गर्लां या फ्रेंच घराण्याने १८८९ साली ‘जिकी’ काढलं, त्यात कारखान्यात बनवलेलं कूमारिन हे सुगंधी द्रव्य आणि व्हॅनिलिन होतं, आणि आधुनिक परफ्यूमची गोष्ट बरेच जण तिथूनच सांगतात. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की ती भाजते आणि मागे तपकिरी ओघळ राहतात, परफ्यूम मानेवरून जसं ओघळलं त्याच आकाराचे. आता बरेच उत्पादक ते काढून टाकलेलं तेल वापरतात. पण घरगुती ‘शुद्ध एसेन्शियल ऑइल’ मानेला लावून उन्हात जाण्याआधी हे आठवावं. लिंबाच्या रसानेही हेच होतं.

आता नाकाबद्दल. माणसाच्या नाकात वास ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहकं (रिसेप्टर) असतात. त्यांची जनुकं शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं. ही ग्राहकं एकाच वासाला सतत तोंड देऊन गप्प होतात. मासळीबाजारात शिरताना नाकाला पदर लावणारी बाई पाच मिनिटांत बोंबील निवडत असते, ती यामुळेच. चौथ्या पट्टीनंतर सगळं सारखंच वाटायला लागतं, मग सेल्सगर्ल कॉफीच्या बियांची वाटी पुढे करते. संशोधकांनी तपासून पाहिलं, तर साध्या हवेपेक्षा कॉफीचा काही जास्त उपयोग दिसला नाही. मोकळ्या हवेत जावं, किंवा आपल्याच ओढणीचा वास घ्यावा. कस्तुरीच्या काही कृत्रिम द्रव्यांचा वास काही लोकांना मुळीच येत नाही, ही आणखी एक गंमत. तेव्हा ‘दुपारनंतर राहतच नाही’ म्हणून पुन्हा फवारण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. बहुतेक वेळा त्यांना व्यवस्थित येत असतो.

ग्लॉसवर मी फार वेळ घालवणार नाही, पण त्याची चमक समजून घेण्यासारखी आहे. कोरडी शहाबादी फरशी आठवा आणि मग तीच पुसल्यावरची. फरशी तीच, पण पाण्याने खाचा भरल्या, पृष्ठभाग सपाट झाला, प्रकाश विखुरण्याऐवजी एकाच दिशेने परत आला. ओठांवरच्या बारीक उभ्या रेघा तेलाच्या जाड थराने भरल्या की हेच होतं आणि ओठ भरलेले वाटतात. तो थर बहुधा पॉलिब्युटीनचा किंवा तसल्याच लांब साखळीच्या चिकट द्रव्याचा असतो, सोबतीला आपलं ओळखीचं एरंडेल. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल आज दीड हजाराच्या नळीतून ओठांना लावतो, यावर आमच्या आईने काय म्हटलं असतं कोण जाणे! साखळी जितकी लांब तितका ग्लॉस टिकाऊ, आणि तितकेच स्कूटरवर केस ओठांना चिकटणार.

त्यामुळे ग्लॉसची परीक्षा आरशात होत नाही, चहाच्या कपावर होते. लावा, अर्धा तास बोला, चहा प्या, कपाच्या कडेला किती गेला आणि ओठांच्या कोपऱ्यात किती साचला ते बघा. रंग बघायला हाताची पाठ निरुपयोगी. बोटाचं टोक गुलाबी असतं, ते ओठाला जास्त जवळचं. टेस्टरची कांडी मात्र थेट ओठांना लावू नये. ओठांवर ताप उठवणारा हर्पीजचा विषाणू एकीकडून दुसरीकडे जायला असलं निमित्त पुरतं. फेकून द्यायची स्वच्छ काडी मागावी, ती नळीत एकदाच बुडवावी. काडी नाही म्हणाले, तर ग्लॉसही नको म्हणावं.

‘प्लंपर’ म्हणून मिळतात त्यांत मिरचीचा अर्क, दालचिनी, आलं किंवा मेंथॉल असतं. ठेच्याने ओठ सुजतात तीच ही सूज, फक्त बेताची, आणि थोड्या वेळात उतरते. ओठांची त्वचा मुळात फार पातळ आणि तिथे तेलग्रंथी जवळजवळ नसतातच, त्यामुळे हा चावा काहींना सोसत नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर अशी जळजळ वारंवार झाली, तर मागे काळेपणा राहतो, आणि तो लपवायला पुन्हा गडद शेड घ्यावी लागते. शाकाहारी वाचकांसाठी एक नोंद. घटकांच्या यादीत ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ दिसलं, तर तो लाल रंग कोचिनिअल नावाच्या किड्यापासून काढलेला असतो. भाचीची होणारी सासू कांदासुद्धा खात नाही, तेव्हा ही माहिती मी तिला कुजबुजत दिली.

आता त्या उजव्या डोळ्याकडे येते.

अंड्याचा पांढरा बलक चेहऱ्याला लावून वाळू दिला की कातडी कशी ताणली जाते, हे आपल्यापैकी अनेकींनी सोळाव्या वर्षी करून पाहिलेलं असतं. ‘तत्काळ टवटवी’ देणाऱ्या बऱ्याच क्रीममध्ये याचीच सुधारलेली आवृत्ती असते. सोडियम सिलिकेट किंवा एखादं पॉलिमर वाळताना पापुद्रा धरतं आणि त्वचा घट्ट ओढतं. हसलं की पापुद्रा तडकतो. दुसरा उपाय सिलिकोनचा. ते सुरकुतीत भरून बसतं आणि प्रकाश पसरवून तिची सावली पुसतं. तिसरा ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक ॲसिडचा. ही पाणी धरून ठेवतात, सुकलेली वरची कातडी फुगते, बारीक रेघा मिटतात. भिजवलेल्या मनुकेसारखं. यात फसवणूक नाही. पण मनुका दुसऱ्या दिवशी पुन्हा सुकते.

म्हणून वेष्टनावरची क्रियापदं वाचायची सवय लावावी. ‘सुरकुत्या कमी होतात’ असं कंपनी सहसा म्हणत नाही, ‘कमी दिसतात’ म्हणते. भारताच्या १९४० सालच्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यात प्रसाधनाची व्याख्याच स्वच्छ करणं, सुंदर करणं, रूप बदलणं अशी आहे. शरीराचं कार्य बदललं की ते औषध, आणि औषधाचे नियम कडक. त्या ‘दिसतात’मध्ये अख्खा कायदेविभाग उभा असतो.

मग आत काही जातं का? इथे पुन्हा रेणुभार येतो. त्वचेचा वरचा मेलेला थर म्हणजे विटा आणि चुना यांची भिंत, आणि तिच्यातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणुभाराचं एकक) जड रेणू जाणं अवघड, असा एक ठोकताळा २००० साली मांडला गेला आणि तो बऱ्यापैकी टिकला आहे. रेटिनॉल २८६, क जीवनसत्त्व १७६. ही जाऊ शकतात. कोलॅजन सुमारे तीन लाख! कोलॅजनचं क्रीम लावून त्वचेत कोलॅजन वाढेल ही अपेक्षा म्हणजे लेटरबॉक्सच्या फटीतून गोदरेजचं कपाट आत जाईल अशी. ते बाहेर बसून ओलावा धरतं, आणि ते काम ग्लिसरीन स्वस्तात करतं.

आत जाऊन खरंच काही करणाऱ्यांत सगळ्यात भक्कम पुरावा रेटिनॉइडचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गोताचा. १९८८ साली अमेरिकेत ३० जणांवर चाचणी झाली. एका हाताला ट्रेटिनोइन या रेटिनॉइडचं क्रीम, दुसऱ्या हाताला औषध नसलेलं तसंच क्रीम, कुठल्या हाताला काय ते कुणालाच माहीत नाही. सोळा आठवड्यांनी औषधाच्या हाताची उन्हाने खराब झालेली त्वचा सुधारली होती. याच चाचणीत ९२ टक्के लोकांची त्वचा लालबुंद होऊन सोलली, हे मात्र जाहिरातीत येत नाही. ट्रेटिनोइन हे डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध. काउंटरवर मिळतं ते त्याचं सौम्य भावंड, रेटिनॉल. त्वचेत गेल्यावर त्याचं दोन पायऱ्यांनी रेटिनॉइक आम्ल, म्हणजे ट्रेटिनोइनच बनतं, म्हणून ते हळू आणि कमी काम करतं, आणि कमी चावतं. आठवड्यातून दोन रात्रींपासून, वाटाण्याएवढं. त्वचेचा वरचा थर पूर्ण बदलायलाच महिना-सव्वा महिना लागतो, तेव्हा बारा आठवड्यांच्या आत ‘काही फरक नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉइड वापरू नका. नव्या नवरीला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं, म्हणून मी सेल्सगर्लच्या देखतच भाचीला सांगितलं. दोघी लाजल्या.

क जीवनसत्त्वाचं सीरम चांगलं, पण लहरी. आम्लधर्मी असल्याशिवाय आत जात नाही, आणि हवा-उजेड लागला की पिवळं, मग तपकिरी पडतं. तपकिरी झालेलं फेकावं.

आणि तरी, एकच ट्यूब घ्यायची म्हटलं तर मी सनस्क्रीन घेईन. ऑस्ट्रेलियात ९०३ लोकांना साडेचार वर्षं तपासलं. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला होता. तो अमेरिकेतला, आणि अमेरिकेत चालक डाव्या खिडकीशी बसतो. त्याचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला, कारण काचेतून यूव्हीए हे अतिनील किरण आत येतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. जुन्या एसटी चालकाशी बोलताना मी आता उगाचच त्याच्या उजव्या गालाकडे बघते. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या बचावाचा आकडा. ३०चं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवतं आणि ५०चं सुमारे ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी पैसे घालण्यापेक्षा ३०चं भरपूर लावा. आपण सगळेच ते चटणीसारखं लावतो, लावायचं असतं भाजीसारखं.

काय टाळायचं, तेही थोडक्यात. वेष्टनावर घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही आणि चार दिवसांत गोरं करतं म्हणतात, असं क्रीम टेस्टर म्हणूनसुद्धा लावू नये. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण सापडत गेले आणि धागा असल्या पारायुक्त क्रीमपर्यंत पोचला. प्रसाधनांत पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे. ‘हायपोअलर्जेनिक’ (ॲलर्जीची शक्यता कमी) या शब्दाला तर अमेरिकेच्या नियमांतही बांधलेली व्याख्या नाही.

भाचीसाठी त्या दिवशी आम्ही हे ठरवलं. रेटिनॉल लग्नाआधी नकोच, हळदीच्या चौरंगावर सोललेले गाल कोण बघणार! बाकी जे घ्यायचं ते दसऱ्याला, एका वेळी एक, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. ॲलर्जी अनेकदा दोन-तीन दिवसांनी उठते, काउंटरवर क्वचितच. तीन नव्या वस्तू एकदम सुरू केल्या आणि खाज सुटली, तर चोर कोण ते कळत नाही.

सुगंधाच्या पट्ट्यांवर मी शिस्तीत पेन्सिलीने नावं लिहिली होती, आणि पट्ट्या रिक्षात राहिल्या. रात्री दहाला भाचीचा फोन. “मावशी, डावा हात आत्ता इतका मस्त येतोय ना, तोच घ्यायचा. उजवा धुऊन टाकला.”

“बरं. डाव्यावर कुठलं मारलं होतं?”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, “मला वाटलं तू लक्षात ठेवलं असशील.”